डबीतला बगळा

तिने प्लास्टिकच्या डबीची कड पकडीत धरली आणि दोन्ही हातांनी दाबली. आधी नुसतंच करकरलं. मग कट्कन आवाज झाला, आणि वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमलेल्या नाणेसंग्राहक मंडळाच्या तोंडून एकच 'हाय' निघाली.

"ताई, अहो, हे काय करताय!" अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले.

"फोडतेय," ती म्हणाली. "दिसतंय की."

पक्कड तिच्या दुकानातली होती, चष्म्याच्या दांड्या वाकवायची. चष्म्याचं दुकान म्हणून मंडळात तिला सगळे भिंगताई म्हणत. तिचा नवरा दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचा आणि अधूनमधून कुरकुरायचा, "काचा मी घासतो, नाव तुझं होतं."

आता एक डबी फोडली तर एवढं काय आभाळ कोसळलं, असं बाहेरच्याला वाटेल. पण या मंडळींच्या जगात डबी म्हणजे देवघर. महागाचं नाणं आधी तपासणीच्या संस्थेकडे जातं. तिथले जाणकार ते खरं की खोटं पाहतात, किती झिजलंय ते ठरवतात आणि पारदर्शक डबीत कायमचं बंद करून टाकतात. आत छापील पट्टी, पट्टीवर क्रमांक. पुढे सगळी किंमत त्या डबीची. डबी फुटली की पट्टीही गेली आणि भावही गेला. म्हणून नाणं घ्यायचं ते डबीसकट, मिरवायचं डबीसकट आणि आपल्यामागे पोरांनी विकायचं तेही डबीसकट. आतलं नाणं हातात घेऊन बघावं असं वाटलं तरी कोणी तसं बोलून दाखवत नसे.

तिच्या डबीत बगळा होता. जुनं चांदीचं नाणं, एका बाजूला एका पायावर उभा असलेला बगळा. टांकसाळीने ते जेमतेम काही महिने पाडलं, मग राज्य बदललं आणि बहुतेक सगळे बगळे भट्टीत गेले. उरले त्यातला एक तिच्याकडे होता. घराला रंग द्यायचं पुढे ढकलून तिने तो घेतला होता, आणि पोपडे उडालेल्या भिंतीखाली बसून रोज भिंगातून बघायची. बगळ्याच्या ढोपराशी एक तिरपा ओरखडा होता, शेवटाला हुकासारखा वळलेला. त्या ओरखड्यावर तिचा फार जीव. कुणाच्या खिशात किल्लीला घासला असेल, कुठल्या बाजारात, काय घेताना, असलं काहीबाही ती मनात रचायची.

आणि आज औषधांच्या दुकानदाराने, तिच्या धाकट्या भावासारख्या मित्राने, मोठ्या कौतुकाने आपला नवा बगळा आणला होता. तिने दोन्ही डब्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि भिंग लावलं. त्याच्याही बगळ्याच्या ढोपराशी तोच ओरखडा होता. तितकाच तिरपा, तसाच शेवटाला वळलेला.

जुळ्या बहिणींचे चेहरे सारखे असतील, पण पडून फुटलेलं ढोपर दोघींचं एकाच जागी कसं असेल? तिने सगळ्यांना बोलावून तो ओरखडा दाखवला. सगळ्यांनी वाकून पाहिला, अध्यक्षांनीही पाहिला, आणि जो तो आपापल्या खुर्चीत परत जाऊन बसला. तेव्हा तिने पिशवीतून पक्कड काढली.

फुटलेल्या डबीतून नाणं तिच्या तळहातावर पडलं. डबीत नाण्याची कड रबरात बुडालेली असते, नजरेला पडतात त्या फक्त दोन बाजू. तिने नाणं आडवं धरून कड फिरवली. मधोमध शिवण होती. साच्याच्या दोन अर्ध्या वाट्या जिथे मिळतात तिथली. कानशीने घासली होती, पण नीट बघितलं तर दिसायचीच. मग तिने ते छोट्या काट्यावर ठेवलं. वजन कमी भरलं.

"खोटं आहे," ती म्हणाली. "डबी खोटी, पट्टी खोटी, आतलंही खोटं. बनवणाऱ्यांनी नाण्यापेक्षा डबीवर जास्त मेहनत घेतली. आपण डबी फोडणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं."

ती औषधवाल्याकडे वळली.

"आण रे तुझी."

त्याने डबी केव्हाच खिशात घातली होती. खिशावर हात होता.

"माझी वेगळी आहे, ताई."

"अरे, आता तर दाखवलं ना!"

"वेगळी आहे," तो पुन्हा म्हणाला. तिच्याकडे न बघता.

खोलीतल्या प्रत्येकाने काही ना काही हे बगळे विकणाऱ्या व्यापाऱ्याकडूनच घेतलं होतं. मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाचं भाडंही तोच भरायचा. मागून कोणीतरी पुटपुटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची." अध्यक्ष एके काळी याच वाचनालयाचे ग्रंथपाल होते, आणि शांतता कशी राखायची हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी टेबलावर दोनदा बोट आपटलं.

"आजची सभा संपली. हा विषय सभेत झालाच नाही असं समजावं."

"झालाच नाही? माझ्या हातात तुकडे आहेत, अध्यक्ष!"

पण तोवर खुर्च्या सरकायला लागल्या होत्या.

व्यापारी दुसऱ्याच दिवशी दुकानात हजर झाला. मंडळात त्याला शेठ म्हणत. ती घरी त्याला गोडबोल्या म्हणायची, पण आजवर लाडाने. तो स्टुलावर बसला, हात जोडले आणि खिशातून पाकीट काढून काउंटरवर ठेवलं.

"पूर्ण रक्कम, ताई. एक पैसा कमी नाही. तुमच्यासारखं माणूस दुखावलं तर मला झोप नाही लागत."

"म्हणजे खोटं होतं हे तुम्हाला मान्य."

"मला काय ठाऊक हो? वरून आलं, पुढे दिलं. मीही फसलोच की." त्याने चेहरा पाडला. तो त्याला छान पाडता यायचा. "तेवढं नाणं मात्र परत द्या. हिशेबाला लागतं."

मागच्या खोलीतलं घासण्याचं यंत्र थांबलं. नवरा दारात येऊन उभा राहिला. त्याची नजर पाकिटावर होती, आणि पाकिटापलीकडे त्याला घराच्या भिंती दिसत असणार, हे तिला कळत होतं. तिला काय दिसत नव्हत्या? रात्रंदिवस त्याच भिंतींत राहायचं होतं.

"नाणं घेऊन काय करणार?" तिने विचारलं.

"ते माझ्यावर सोडा ना."

"नवी डबी करणार. नवी पट्टी. आणि दुसऱ्या गावच्या कुठल्या तरी येड्याच्या गळ्यात घालणार. असंच ना?"

तो हसून भिंतीवरच्या फ्रेमा बघायला लागला. भलतं बोललात, असंही म्हणाला नाही. तेवढं तिला पुरलं. संतापाने तिचे कान तापले. तिने खण उघडून बगळा काढला, काचांवर खुणा करायची विजेची सुई लावली आणि त्याच्या देखत बगळ्याच्या पोटावर कोरायला लागली. सुई किर्र वाजत होती. चांदीचा मुलामा उडून खालचा पांढुरका धातू वर आला.

"अहो ताई! आता याचा छदाम मिळणार नाही तुम्हाला!"

"गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं," नवरा दारातून म्हणाला.

ती थांबली. वर बघितलं. आता हा काय बोलतो, या विचाराने तिचे ओठ घट्ट मिटले होते.

तो पुढे आला, डोळ्यावरचा चष्मा कपाळावर चढवला आणि नाण्यावर वाकला.

"एवढं बारीक कोण वाचणार? मोठं लिही. शेपटीपर्यंत जागा आहे."

तिने मोठं लिहिलं. 'खोटं.' व्यापाऱ्याने पाकीट उचलून खिशात घातलं. आता चेहऱ्यावर गोडवा औषधालासुद्धा उरला नव्हता.

"प्रदर्शन रविवारी आहे. हॉल मी घेतलाय. मंडळाने कोणाला बसवायचं, कोणाला उठवायचं, ते मंडळ बघेल."

मंडळाने बघितलं. संध्याकाळच्या आत अध्यक्षांचा फोन आला. तिचं सभासदत्व तूर्त स्थगित, प्रदर्शनात तिचं टेबल नाही.

"कोणत्या नियमाखाली?" तिने विचारलं.

नियम विचारला आणि अध्यक्षांना तो तोंडपाठ आला नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं.

"मंडळाची बदनामी होते, ताई," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तिला रडू आलं. खोटं कशाला बोला, चांगलं भरभरून आलं. नाणं गेलं त्याचं वाईट होतंच, पण रविवारच्या सभा गेल्या त्याचं जास्त होतं. आठवडाभर लोकांचे नंबर तपासायचे ते त्या एका रविवारच्या आशेवर. त्या खोलीत तिच्यासारखेच खुळे लोक भेटायचे, ज्यांना झिजलेल्या नाण्यावरच्या अर्ध्या अक्षरावर तासभर भांडता यायचं. तेच आता तिच्याकडे बघून खिशावर हात ठेवत होते.

"रडून झालं की सांग," नवरा म्हणाला. "मोठं भिंग काढून ठेवलंय. कुठे लावायचं?"

"लावायचं?"

"दुकानाच्या काचेत. एवढं कोरलंस ते खणात ठेवायला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या दर्शनी काचेत, नव्या फ्रेमांच्या मधोमध, काळ्या मखमलीवर बगळा बसला. वरून टांगलेल्या भिंगामुळे तो बशीएवढा दिसत होता आणि पोटावरचं 'खोटं' रस्त्याच्या पलीकडून वाचता येत होतं. शेजारी तिने ठळक अक्षरांत पाटी लावली : 'मी फसले. तुमचं नाणं तपासून हवं असेल तर आत या. फुकट.'

लोक थांबायचे, वाचायचे, हसायचे. दुकानदारीण बाई स्वतःच सांगतेय फसले म्हणून, ही नवलाईच होती. शेजारच्या चप्पलवाल्याने तर सांगून बघितलं, "वहिनी, हात दाखवून अवलक्षण कशाला? गिऱ्हाईक म्हणेल, हिलाच दिसत नाही तर ही आपले डोळे काय तपासणार!"

"म्हणू दे. फसवणाऱ्याने लाजायचं की मी?"

मंडळाचा पहिला माणूस आला तो औषधवाला. दुपारची सामसूम बघून आला आणि आल्या आल्या नाक चोळत म्हणाला, "चष्मा जरा सैल झालाय, ताई."

"तुला चष्मा कधी लागला?"

त्याने नाक चोळायचं थांबवलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय सगळ्यांनाच असते, पण निदान भांडं तरी बरोबर आणावं! तिने हसू दाबलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"काढ डबी. पण आधी ऐक. खरं निघालं तर डबीचा भाव गेला, मग माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत. आणि फोडायची ती स्वतःच्या हाताने. माझ्या दुकानात हाच नियम."

त्याने फोडली. शिवण होती. ओरखडा होता. त्याने तुकडे एकेक करून गोळा केले.

"एक गिऱ्हाईक ठरलं होतं," तो म्हणाला. "नवीन पोरगी आहे, कॉलेजात शिकवते, नुकताच छंद लागलाय तिला. काल म्हणालो, देऊन टाकावं. माझी बला टळेल."

"मग?"

"येताना तुमच्या काचेसमोर उभा राहिलो." त्याने बगळा तिच्याकडे ढकलला. "यावरही लिहा. मोठं लिहा."

मग एकेक जण यायला लागला. कोणाच्या दांडीचा स्क्रू पडलेला असायचा, कोणाला डोळ्यात टाकायचं औषध विचारायचं असायचं. गाणं शिकवणाऱ्या बाईंचं नाणं खरं निघालं, आणि फुटलेली डबी बघून त्या तिच्यावर अशा काही उखडल्या की नवऱ्याला पाणी आणून द्यावं लागलं. तिने ऐकून घेतलं. आधी बजावलं होतं, तरी तिला वाईट वाटलं. बाकीचे मात्र बहुतेक बगळेच होते, तोच ओरखडा मिरवणारे. एक जण जाता जाता तिलाच टाकून बोलला, की तुम्ही हे उकरलं नसतं तर आमचं बरं चाललं होतं. खाई त्याला खवखवे, ती मनात म्हणाली, आणि त्याचाही बगळा कोरून काचेत ठेवला. काचेत आता थवाच झाला होता.

शनिवारी दुपारी अध्यक्ष आले. टोपी काढून दारातच उभे राहिले.

"नंबर तपासायचाय," म्हणाले.

ते खरोखर खुर्चीत बसले. तिने अक्षरांचा तक्ता उजळला, त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळं वाचून दाखवलं, खालच्या ओळीत दोनदा चुकले. तिने काच बदलली. दोघंही कामापुरतंच बोलत होते. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून डबी काढून मांडीवर ठेवली.

त्यांच्याकडे बगळा आहे हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं. पण तो त्यांनी कितीतरी वर्षांत कोणाला दाखवला नव्हता. तिने डबी घेतली, भिंग लावलं, आणि सावकाश खाली ठेवली.

"ओरखडा आहे, अध्यक्ष."

"असणारच," ते म्हणाले. "तो मीच पाडलाय."

मागचं यंत्र थांबलं.

"तरुणपणी घेतला होता हा, मोकळाच. पहिल्या पगारात. इतका आनंद झाला की खिशात घालून गावभर हिंडलो. खिशात घराची किल्ली होती." त्यांनी बोटाने हवेत हुक काढला. "त्या दिवशी तुम्ही दोन डब्या शेजारी ठेवून दाखवलंत, तेव्हाच ओळखला. तुमचा बगळा मी त्याआधी कधी नीट बघितलाच नव्हता. माझ्याकडे होता ना. दुसऱ्याचा कशाला बघायचा?"

"आणि तरी तुम्ही सभा संपवलीत."

"हो."

"मला काढलंत!"

"हो." त्यांनी मान खाली घातली नाही. "घाबरलो. डबी करून आणतो म्हणून शेठ हा घेऊन गेला होता. महिनाभर त्याच्याकडे होता. मी तर वर त्याचे आभार मानले. सगळे साचे यावरून निघालेत, ताई. आणि या डबीत माझंच परत आलंय की तेही गेलं, ते मला ठाऊक नाही. आठवडाभर हातात धरून बसलोय. फोडवत नाही."

तिला त्यांचा राग होता, आणि तो गेला नव्हता. पण डबीवरचा तो म्हातारा हात निघत नव्हता, तेही तिला दिसत होतं. तिने पक्कड त्यांच्यापुढे ठेवली.

"स्वतःच्या हाताने," ती म्हणाली. "नियम आहे."

'नियम' म्हटल्यावर त्यांनी पक्कड उचलली. तिसऱ्या दाबाला डबी फुटली. तिने नाणं आडवं धरून कड फिरवली, एकदा, आणि पुन्हा एकदा. टांकसाळीचे बारीक दाते सगळीकडे सारखे, अखंड. काट्यावर वजन बिनचूक भरलं.

"तुमचंच आहे," ती म्हणाली.

सभेत कोणी नाण्याला हात लावायला गेलं तर सुती हातमोजे पुढे करणारा हा माणूस. त्यांनी उघड्या बोटांनी बगळा उचलला, तळहातावर ठेवला, मूठ मिटली. डोळे भरून आले होते ते त्यांनी पुसले नाहीत. मग काउंटरच्या काचेवर त्यांनी नाणं उभं धरून गरकन फिरवलं. ते खणखणत फिरलं, डुगडुगलं आणि आडवं झालं. तो आवाज ऐकायला नवराही बाहेर येऊन उभा राहिला होता.

"शेठ सगळ्यांना सांगतोय, तोही फसला म्हणून," ती म्हणाली.

"मलाही तेच सांगितलं त्याने." अध्यक्षांनी नाणं कोटाच्या खिशात घातलं आणि टोपी डोक्यावर चढवली. "उद्या उद्घाटनाचं भाषण माझं आहे. तो पहिल्या रांगेत बसतो. हे नाणं कोणाच्या घरी महिनाभर होतं, ते तिथेच सांगतो."

"हॉलचं भाडं त्याने भरलंय, अध्यक्ष."

"म्हणूनच भाषण लांबवणार आहे. तुमचं टेबल त्याच्या टेबलाला लागून टाकायला सांगितलंय."

"माझं सभासदत्व स्थगित आहे."

"ते आहेच. तो ठराव सभेतच मागे घ्यावा लागेल, असा मधेच नाही घेता येत." ते दारापर्यंत गेले आणि वळले. "पण पाहुण्यांना टेबल द्यायला नियमात कुठेच मनाई नाही. मी बघितलं. हे काचेतले सगळे बगळे घेऊन या. आणि ताई, पकडी दोन आणा. एक मला लागेल."